‘इन्फेक्शन झालं’ या वाक्याचा कर्ता कोण?

“बाळाला इन्फेक्शन झालंय.”

डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझी भाची पाच दिवसांची होती. आदल्या दिवसापर्यंत ती चमच्याने दिलेलं दूध घेत होती. ‘परवा आईजवळ देऊ’ असंही सांगून झालं होतं. त्या सकाळी तिने दूध तोंडाबाहेर सोडलं, पोट फुगलं, अंग थंड पडलं आणि मधेच श्वास थांबायला लागला. दाजींनी विचारलं, “कशामुळे झालं?” डॉक्टर म्हणाले, “कमी दिवसांच्या बाळांना होतं असं. घरी कुणी काही चाटवलं नाही ना?”

बाळ घरी आलंच नव्हतं.

नगरमधल्या (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर) एका खासगी रुग्णालयात, पस्तिसाव्या आठवड्यात, सिझरने तिचा जन्म झाला. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. श्वास जोरात चालतोय म्हणून तासाभरात तिला वरच्या मजल्यावरच्या एनआयसीयूत नेलं. आमच्याकडच्या भाषेत, ‘काचेत ठेवलं’. जन्मल्यापासून ती त्या इमारतीबाहेर पडली नव्हती. आमच्यापैकी कुणी तिला बोटही लावलं नव्हतं. ताईलासुद्धा दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, काचेबाहेरून बघायला मिळायचं. आत का नाही? तर बाहेरच्या लोकांमुळे इन्फेक्शन होतं म्हणून.

‘होणे’ हे मराठीतलं फार सोयीचं क्रियापद आहे. पाऊस झाला, उशीर झाला, इन्फेक्शन झालं. करणारा कुणीच नाही. रुग्णालयाच्या तोंडी हे वाक्य आलं की चौकशी तिथेच संपते.

घरात मात्र कर्ता लगेच सापडला. ताई. आठव्या महिन्यात ती लग्नाला गेली होती. डोहाळजेवणाच्या फोटोंना दृष्ट लागली. ग्रहणात विळी हातात धरली होती का, हे कुणाला आठवत नव्हतं, तरी विचारून झालं. बाळ काचेत असलं तरी आजीने घरी पाचवी पुजली, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई त्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात. त्याच दिवशी बाळाच्या रक्ताचा नमुना कल्चरला गेला होता आणि दोन दिवसांनी त्यावर लिहून आलं: क्लेबसिएला न्यूमोनी. खाली अठरा औषधांची यादी होती आणि त्यांपैकी पंधरांपुढे ‘रेझिस्टंट’.

हा लेख त्या रुग्णालयाचं नाव घेऊन शिमगा करण्यासाठी नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की रुग्णालयात जन्मलेल्या आणि रुग्णालयातच असलेल्या बाळाला जन्मानंतर तीन दिवसांनी जो रक्तसंसर्ग होतो, तो नशिबाचा किंवा आईचा नाही, बहुतेक वेळा त्या इमारतीचा असतो. तो मोजता येतो, बराचसा टाळता येतो. आणि आपल्याकडे तो मोजून लोकांपुढे ठेवणं कुणावरच बंधनकारक नाही. याहून मोठी लबाडी आपल्या आरोग्यव्यवस्थेत मला दिसत नाही.

*

मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. पण त्या सव्वीस दिवसांत जे वाचलं, विचारलं आणि पाहिलं, ते सांगतो.

क्लेबसिएला हा काही परग्रहावरून आलेला जंतू नाही. तो तुमच्या-माझ्या आतड्यात राहतो, तिथे निमूट असतो. एनआयसीयूत त्याला ओल मिळते: बेसिनचा निचरा, सक्शनची नळी, श्वासाच्या यंत्रातलं पाणी. तिथून बाळापर्यंत जायला त्याला वाहन लागतं, आणि ते वाहन बहुधा माणसाचा हात असतो. एका बाळाचं लंगोट बदललं, दुसऱ्याची सलाईन तपासली, मधे हात चोळायचे वीस-तीस सेकंद राहून गेले. एवढं पुरतं. बाळाच्या त्वचेत आधीच सुई असते, नाकात नळी असते. जंतूला दार आपणच उघडून दिलेलं असतं.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात तेरा हजारांहून अधिक नवजात बाळांचा अभ्यास झाला. २०१६ साली तो ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता कक्षांत दाखल झालेल्या या बाळांपैकी सुमारे १४ टक्क्यांना जंतुसंसर्ग झाला होता. सर्वांत जास्त आढळलेले जंतू तीन: ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय. ॲसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के आणि क्लेबसिएलापैकी ५४ टक्के जंतू एकाच वेळी अनेक गटांतल्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. गावाकडच्या अंगणात असे जंतू सहसा तयार होत नाहीत. जिथे प्रतिजैविकांचा रोज मारा होतो तिथे ते माजतात.

आम्हाला हे सगळं कळलं ते मात्र खालच्या मेडिकलच्या दुकानासमोर. एनआयसीयूत गेलेल्या बाळांच्या बापांची खरी जागा म्हणजे मेडिकलची रांग. सातव्या दिवशी त्या रांगेत माझ्या पुढे दोघं होते आणि तिघांच्याही हातातल्या चिठ्ठीवर एकच नाव होतं: कोलिस्टिन. मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून डॉक्टर ज्याला एरवी हात लावत नाहीत, असं हे जुनं औषध. बाकी सगळी हरली की काढायचं. तीन बाळं, एकच आठवडा, एकच शेवटचं औषध.

मी माझ्या धंद्याला जागलो. फोनवर एक तक्ता केला. बेड, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, दूध सोडल्याची तारीख, कल्चरमधला जंतू, कुठली औषधं चालतात, घरी कधी गेलं. पाच घरांनी माहिती दिली. कल्चर रिपोर्टची प्रत तिघांकडेच निघाली, कारण ती मागावी लागते आणि मागायची असते हे कुणाला माहीत नसतं. तिन्ही रिपोर्टांत क्लेबसिएला. चालणाऱ्या-न चालणाऱ्या औषधांची यादी तिन्हींत ओळीला ओळ सारखी.

हा पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. तोच जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे गेला हे सिद्ध करायला त्याच्या जनुकांची तपासणी लागते. पण प्रश्न विचारायला एवढं पुरेसं आहे. मी तक्ता घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते चिडले. “तुम्ही पेशंटांची माहिती गोळा करताय?” त्या रात्री साडेअकराला तेच डॉक्टर जिन्यात भेटले, थकलेले. म्हणाले, “आत चौदा बाळं आहेत आणि रात्री सिस्टर दोन. तुम्हीच सांगा.”

सरकारी मार्गदर्शक सूचनांत नवजात कक्षासाठी तीन-चार बाळांमागे एक परिचारिका धरलेली आहे. चौदाला दोन म्हणजे सातास एक. त्या दोन मुलींनी प्रत्येक स्पर्शाआधी हात चोळायचे ठरवले तर त्यांची रात्र त्यातच संपेल. म्हणजे कर्ता त्या मुलीही नव्हेत. कर्ता आहे ते वेळापत्रक, आणि ज्याने ते आखलं तो हिशेब.

तक्त्यातल्या पाच घरांपैकी एक पाथर्डीकडचं होतं. ऊसतोड करणारं जोडपं. मुकादमाची उचल घेतलेली, कारखान्यावरच्या कोपीतून बाळंतपणासाठी आलेले. पोरगा दीड किलोचा. नवव्या दिवशी संध्याकाळी तो बाप मेडिकलच्या रांगेत दिसला, म्हणून मी विचारलं, “आज परत आणायला सांगितलं का?” त्याने पिशवी दाखवली. न वापरलेली इंजेक्शनं होती. परत करायला आला होता. दुकानदाराने मोजून पैसे दिले. त्याने ते पुन्हा मोजले. तेही उसनेच होते.

माझ्या तक्त्यात ‘घरी कधी गेलं’ या रकान्यात त्याच्यापुढे काय भरायचं, मला कळेना.

*

आमच्या धंद्यात एखाद्या ॲपमधलं पेमेंट दहा-अकरा मिनिटं बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी बैठक बसते. काय घडलं, किती वाजता कळलं, कुणाला आधी कळायला हवं होतं, कुठली फट राहिली, पुढच्या वेळी ती कशी बुजवणार, हे लिहून काढावं लागतं. चांगल्या कंपन्यांत त्याचा नियमच असतो की माणसाला फाशी द्यायची नाही, फट शोधायची. मोठ्या कंपन्या हे टिपण ग्राहकांसाठी जाहीरही करतात. कुणाचे दोनशे रुपये अडकले म्हणून एवढा कागद लिहिला जातो. एक बाळ गेलं, दुसरं कोलिस्टिनवर आहे, तिसऱ्याच्या रक्तात तोच जंतू आहे, आणि त्यावर आम्हाला एका ओळीचंही टिपण कुणी दाखवलं नाही.

मोजणं ही श्रीमंतांची चैन आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्याच जिल्ह्यात जामखेडला जावं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. दुष्काळी तालुका. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित बायकांना आरोग्यसेविका केलं. स्वच्छ बाळंतपण, हात धुणं, बाळाचं वजन, कोण जन्मलं, कोण दगावलं, हे सगळं त्या शिकल्या. १९७१ साली त्या भागात हजारी १७६ अर्भकं दगावत होती. १९९६ पर्यंत हा आकडा २६ वर आला.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं, आणि ते थेट आमच्याच आजाराचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९३ पासून ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. रडणं मंदावलं का, दूध ओढणं कमी झालं का, अंग लुळं किंवा थंड पडलं का, पोट फुगलं का, बेंबीतून पू येतो का. रक्ताची तपासणी नाही, काच नाही. खुणा जुळल्या की आई-वडिलांच्या संमतीने तोंडावाटे औषध आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन, झोपडीतच. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. नवजात मृत्युदर, ज्या गावांत हे केलं नाही त्यांच्या तुलनेत, तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. पुढे २००१ साली याच मंडळींनी इतर संस्थांसोबत ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढून दाखवून दिलं की महाराष्ट्रातले कितीतरी बालमृत्यू सरकारी वहीत येतच नाहीत.

त्या यादीतल्या तीन खुणा माझ्या भाचीत पाचव्या दिवशी दिसत होत्या. गडचिरोलीतल्या आरोग्यदूत बाईने त्या ओळखल्या असत्या, हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. आमच्याकडेही त्या ओळखल्या गेल्या आणि भाची वाचली, त्याचं श्रेय डॉक्टरांचं आणि त्या दोन सिस्टरांचंच आहे. फरक वेगळा आहे. तिथे झोपडीत गेलेल्या बाळाचा हिशेब ठेवला जात होता. इथे एसीत गेलेल्या बाळाचा हिशेब फक्त बिलिंग काउंटरवर असतो.

*

आपल्याकडे बाळांचा मृत्यू बातमी होतो तो एकगठ्ठा झाला तर. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. सप्टेंबर २०२३ च्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात. मग एक खासदार तिथे गेले आणि प्रभारी अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेतलं. राज्याने तो व्हिडिओ पाहिला. कुणाला समाधान वाटलं, कुणाला संताप. त्या बाळांपैकी किती जंतुसंसर्गाने गेली, किती कक्षात आल्यावर संसर्ग होऊन गेली, हा प्रश्न त्या व्हिडिओत नव्हता. झाडू हातात दिला की स्वच्छता झाली, असं आपलं राजकारण मानतं.

संसर्ग एकगठ्ठा मारत नाही. आज पाथर्डीचं, चार दिवसांनी शेवगावचं, पुढच्या महिन्यात पारनेरचं. प्रत्येक घर आपापलं नशीब घेऊन गावी जातं. एकमेकांशी गाठ पडते ती फक्त मेडिकलच्या रांगेत.

१८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने हेच पाहिलं होतं. एकाच रुग्णालयातले दोन बाळंतकक्ष. एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतिणी कितीतरी जास्त दगावत. त्याने क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. सहकाऱ्यांना राग आला तो ‘आमचे हात घाण?’ या अपमानाचा. पण मला त्या गोष्टीत वेगळंच महत्त्वाचं वाटतं. व्हिएन्नातल्या बायकांना कुठला कक्ष मारतो ते आधीच माहीत होतं. पहिल्या कक्षात नको म्हणून त्या हातापाया पडत. १७५ वर्षांपूर्वीच्या त्या बायकांना जे कळत होतं, ते आज नगरमध्ये एनआयसीयू निवडणाऱ्या बापाला कळायची सोय नाही. हॉटेल निवडताना तो ताऱ्यांची संख्या बघतो. बाळाला काचेत ठेवताना रिक्षावाला सांगेल तिथे जातो.

*

आता ‘पण’वाल्यांना उत्तरं.

‘कमी वजनाच्या बाळांना होतंच.’ होतं, जास्त होतं. म्हणूनच तर मोजायचं. वजनाच्या गटाप्रमाणे वेगळं मोजा. डोंगरातला रस्ता अवघड असतो म्हणून तिथले अपघात कुणी मोजायचे सोडत नाही.

‘आकडे जाहीर केले तर रुग्णालयं गंभीर बाळं घेणारच नाहीत, कल्चर पाठवणं बंद करतील.’ ही भीती खरी आहे, म्हणून किती बाळं दाखल झाली आणि किती कल्चर पाठवली, हेही सोबत जाहीर व्हायला हवं. इंग्लंडमध्ये २००१ पासून एमआरएसए या हट्टी जंतूचा रक्तसंसर्ग कळवणं रुग्णालयांवर बंधनकारक आहे आणि ते आकडे रुग्णालयांच्या नावानिशी प्रसिद्ध होतात. २००४ साली तिथल्या सरकारने हे प्रमाण निम्म्यावर आणायचं ठरवलं. २००८ पर्यंत ते आलं. रुग्णालयं बंद पडली नाहीत, हात धुतले गेले.

‘लोक डॉक्टरांना मारतील.’ आपल्याकडे डॉक्टरांवर हल्ले होतात हे लाजिरवाणं सत्य आहे, त्याविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे आणि तो वापरलाच पाहिजे. पण आता आकडे लपलेले असतानाही मारहाण होतेच. उलट काही कळत नाही म्हणून संशय वाढतो. त्या दिवशी मी तक्ता घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी ‘हो, आमच्याही लक्षात आलंय, आम्ही हे-हे करतोय’ एवढं सांगितलं असतं, तर आमच्या रांगेतला अर्धा राग तिथेच विरला असता.

‘एवढ्या नोंदी कोण ठेवणार?’ हा प्रश्न मला विचारूच नका. सरकारी नवजात कक्षांत दाखल होणाऱ्या बाळांची नोंद ऑनलाइन प्रणालीत आजही होते. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने देशातल्या काही रुग्णालयांचं जाळं रक्तसंसर्ग ठरावीक व्याख्येने मोजतंही. प्रणाली आहे, व्याख्या आहे. नाही ती इच्छा, आणि खासगीवर सक्ती.

सक्ती करायला नवा कायदाही नको. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ पासून आहे. २०२१ साली त्याच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद आणि सेवांचे दर लावणं बंधनकारक केलं. खोलीचं भाडं भिंतीवर लावायला सांगता, मग संसर्ग का नाही? दरपत्रकाशेजारी संसर्गपत्रक लावा: गेल्या तीन महिन्यांत या कक्षात किती बाळं दाखल झाली, किती जणांना दाखल झाल्यावर तीन दिवसांनी रक्तसंसर्ग झाला, किती दगावली, रात्रपाळीला एका परिचारिकेमागे किती बाळं. चार आकडे. एका महिन्यात एकाच जंतूची दोन बाळं सापडली तर लेखी चौकशी, आणि तिची प्रत दोन्ही घरांना. कल्चरचा रिपोर्ट न मागता हातात.

आणि आईला आत घ्या. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय ज्यात होतं अशा अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. एक ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, त्यासाठी आयांना अतिदक्षता कक्षातच जागा दिली, तर बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. संशयित जंतुसंसर्गही कमी झाले. म्हणजे ज्या आईला आपण संसर्गाच्या नावाने काचेबाहेर बसवतो, ती आत असती तर संसर्ग कमी झाला असता. ताई सव्वीस दिवस त्या काचेबाहेरच्या लोखंडी बाकावर बसून होती, टाके ओले असताना. तिला सांगितलं होतं, तुझ्यामुळे होईल.

*

सव्विसाव्या दिवशी भाची घरी आली. बिल चार लाखांच्या वर गेलं. डिस्चार्ज कार्डवर निदान लिहिलंय, ‘लेट ऑनसेट सेप्सिस’. कुठून आलं, याचा रकानाच त्या कार्डावर नाही. तीन महिन्यांनी कानाची तपासणी झाली. उजव्या कानाचा प्रतिसाद नाही. जंतूमुळे की सुरुवातीला दिलेल्या ॲमिकासिनमुळे, सांगता येत नाही म्हणाले. आता ती डाव्या बाजूने हाक मारली की वळते. आम्ही सगळे नकळत तिच्या डावीकडे बसायला लागलोय.

ताईला अजूनही कुणीतरी पाहुणी विचारते, “आठव्या महिन्यात काही जड उचललं होतंस का गं?” आधी ती गप्प राहायची. आता फाईल काढते आणि कल्चरच्या रिपोर्टवरची तारीख दाखवते. “हे बघा मावशी, या तारखेला ती माझ्याकडे नव्हतीच.”

तुमच्या घरातलं बाळ काचेत असेल, आणि कुणी तुम्हाला ‘इन्फेक्शन झालं’ असं सांगितलं, तर आवाज न चढवता तीन प्रश्न विचारा. दाखल झाल्यापासून कितव्या दिवशी झालं? कुठला जंतू आहे, रिपोर्टची प्रत द्या. या महिन्यात हा जंतू सापडलेलं हे कितवं बाळ? उत्तर मिळालं नाही, तर निदान रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातातली चिठ्ठी बघा.